कडक म्हणजे वेगवान नव्हे!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका अंधश्रद्धेशी आहे. 'सस्पेन्शन जितकं कडक तितकी गाडी स्पोर्टी' ही ती अंधश्रद्धा. आणि गंमत म्हणजे ती बाळगणारे सगळे आपल्यासारखेच इंजिनिअर, फर्स्ट क्लासवाले!

जुनी स्पोर्ट्स कार हौसेनं घेतली की पुढचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या महिन्यात स्टिरिओ, दुसऱ्यात रुंद चाकं, तिसऱ्यात कॉइलओव्हर. (कॉइलओव्हर म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगची एकत्र जोडी, जिची उंची आटे फिरवून कमीजास्त करता येते.) मग गाडी 40 मिलिमीटर खाली बसते, चाक आणि मडगार्डच्या मध्ये बोट शिरत नाही, फोटो झकास येतात आणि मालक जाहीर करतो, "आता गाडी ट्रॅकला तयार!"

माझं म्हणणं सरळ आहे. ही गाडी ट्रॅकला तयार झालेली नाही, आणि रस्त्यालाही आता ती धड राहिलेली नाही.

आत्ताच हे का सुचलं? तर आमच्या वेंगुर्ल्याच्या एका मित्राने सॅन स्टॉर्म घेतली आहे. नव्या पिढीला हे नाव कदाचित माहीत नसेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात वेर्ण्याला ही दोन सीटची, फायबरच्या बॉडीची, उघड्या टपाची गाडी बनू लागली. इंजिन रेनोचं, 1149 सीसीचं. वेंगुर्ल्याहून सकाळी निघालो तर जेवायच्या आत पोचू एवढ्या अंतरावर भारताची एक स्पोर्ट्स कार तयार होत होती, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता! फार थोड्या बनल्या, आता बनत नाहीत, आणि सुट्या भागांसाठी देवाला नारळ ठेवायची वेळ येते. आपल्या किनाऱ्याची म्हणावी अशी एकुलती एक क्लासिक स्पोर्ट्स कार तीच.

तर हा मित्र पुण्यात माझ्यासारखाच कोड पाडतो आणि गाडी वेंगुर्ल्याला घरी ठेवतो. त्याला ती कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर चालवायची आहे. तक्रार एकच. "अरे, आंबोलीच्या वळणात नुसती डोलते." त्यावर एका गॅरेजनं उपाय काढला तो असा: या गाडीसाठी तयार संच मिळत नाही, तेव्हा दुसऱ्याच एका गाडीचा कॉइलओव्हर संच आणायचा, ब्रॅकेट बनवून वेल्ड करायचे, सगळ्या रबरी बुश काढून पॉलियुरेथेनच्या टाकायच्या. बिल सव्वा लाख. मित्र ॲडव्हान्स द्यायला तयार बसला आहे. म्हणून हा लेख त्याच्यासाठी, आणि त्याच्या वाटेवर असलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी.

आधी 'डोलते' या शब्दाचा समाचार घेऊ.

वळणात बाहेरच्या चाकांवर भार वाढतो आणि आतल्या चाकांवरचा कमी होतो. किती? गणित दहावीच्या मुलाला जमेल असं आहे: गाडीचं वजन गुणिले वळणातलं बाजूचं त्वरण (जी मध्ये) गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन चाकांमधली रुंदी. समजा गाडी 800 किलोची, वळणात 0.8 जी, गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर, रुंदी 1.3 मीटर. उत्तर येतं सुमारे 246 किलो. आता या सूत्रात स्प्रिंगचा कडकपणा कुठे आहे, दाखवा बरं! नाहीच आहे. स्प्रिंग दगडासारखी केली तरी बाहेरच्या टायरवर जाणारा एकूण भार जवळजवळ तेवढाच. गाडी 30 मिलिमीटर खाली घेतली तर तो 231 किलोवर येतो. म्हणजे एवढा खटाटोप करून 15 किलो वाचले.

मग कडक स्प्रिंगनं काय होतं? गाडी कमी कलते. ड्रायव्हरला छान वाटतं. पण टायरला 'वाटत' काही नाही, त्याला फक्त भार आणि रस्ता कळतो. एकूण भार तोच असला तरी पुढच्या आणि मागच्या चाकांत त्याची वाटणी कशी होते, हे मात्र पुढच्या-मागच्या कडकपणाच्या प्रमाणावर ठरतं. पुढे जास्त कडक केलंत तर पुढचे टायर आधी हात टेकतात आणि गाडी वळणात सरळ जाऊ पाहते. मागे जास्त कडक केलंत तर शेपूट सुटतं. म्हणजे विचारायचा प्रश्न 'किती कडक' हा नाही. पुढे-मागे वाटणी कशी हवी, हा आहे. हा प्रश्न गॅरेजमध्ये कुणी विचारलेला मी अजून ऐकलेला नाही. संच खोक्यात येतो आणि बसवला जातो, बस्स.

आता खाली बसवण्याची मजा बघा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अशी गाडी खाली घेतली की खालचा आर्म चाकाकडे वर झुकतो आणि जिच्याभोवती गाडी कलते ती काल्पनिक जागा, म्हणजे रोल सेंटर, गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त वेगानं खाली जाते. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजेच गाडीला कलवणारा हात लांब होतो. गाडी कमी कलावी म्हणून खाली घेतली आणि तिचा कलण्याचा हट्टच वाढवून ठेवला! मग तो दाबायला स्प्रिंग आणखी कडक. हे म्हणजे बग दाबायला दुसरा बग टाकण्यासारखं झालं.

शिवाय गाडी 40 मिलिमीटर खाली आली म्हणजे चाकाला वर जायला तेवढी जागा कमी राहिली. भर वळणात एखादा उंचवटा आला की शॉकअप तळाच्या रबरावर आपटतो. त्या क्षणी स्प्रिंगचा कडकपणा एकदम आकाशाला भिडतो, त्या चाकावर भाराचा धक्का बसतो आणि टायर सुटतो. हे कधी होणार याची आधी सूचना मिळत नाही. ट्रॅकवर अशा वेळी बाजूला मोकळी जागा असते. आंबोली घाटात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक आकडा. एका कोपऱ्यावर 200 किलो भार आहे आणि चाकापाशी स्प्रिंग 16 न्यूटन प्रति मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण 1.6 किलो ठेवलं की एक मिलिमीटर दबते. ही गाडी सेकंदाला सुमारे 1.4 वेळा वरखाली होऊ पाहते. साध्या रस्त्यावरच्या गाड्या 1 ते 1.5 च्या आसपास असतात. हीच स्प्रिंग 40 न्यूटनची केली तर आकडा 2.25 वर जातो. हा गुळगुळीत ट्रॅकवर धावणाऱ्या, चांगले टायर घातलेल्या गाडीचा आकडा आहे. त्याच्याही वरचे आकडे हवेच्या दाबानं रस्त्याला चिकटणाऱ्या रेसिंग कारचे.

"पण फॉर्म्युला वनच्या गाड्या कडक असतातच ना?" हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. असतात. कारण त्यांचे पंख आणि तळ जमिनीपासून नेमक्या उंचीवर राहिले तरच हवा त्यांना खाली दाबते, म्हणून गाडी हलूच द्यायची नाही. 1992 ची विल्यम्स एफडब्ल्यू 14बी हीच उंची हायड्रॉलिक्स आणि संगणकानं सांभाळायची, आणि 1994 पासून ती युक्ती नियमानं बंद केली. आपल्या सॅन स्टॉर्मला कुठले आलेत पंख? पंख नसताना पंखवाल्याचं सस्पेन्शन लावणं म्हणजे पोहता येत नसताना नुसता गॉगल लावून मांडवीला उडी मारणं.

उलटं उदाहरण हवं असेल तर 1962 ची लोटस एलान घ्या. फायबरची बॉडी, हलकी गाडी, स्प्रिंग मऊ, पण शॉकअप नेमके आणि चाकाची भूमिती चोख. रस्त्यावर चालवायला सर्वात सुंदर गाड्यांत आजही तिचं नाव घेतात. 'मऊ आणि ताब्यात' हे तिचं सूत्र. आणि उंचीशी आंधळा खेळ केला तर काय होतं याचं उदाहरण एमजीबी. अमेरिकेतल्या नियमांसाठी 1974 मध्ये ही गाडी दीड इंच उंच केली आणि पुढचा अँटिरोल बार काढून टाकला. चांगली स्पोर्ट्स कार वळणात बोटीसारखी झाली. 1977 च्या मॉडेलला कंपनीनं पुढचा बार परत दिला आणि मागेही एक बसवला. स्प्रिंगांचं दगडात रूपांतर केलं नाही हं, पुढची-मागची वाटणी सुधारली.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हा तिथे फियाट आणि प्रीमियर पद्मिनी धावायच्या. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे चक्क पाटे! मुंबईच्या टॅक्सीला होते तेच. आणि त्यांच्याबरोबर सिपानी डॉल्फिन. बंगळुरूची, रिलायंट किटनवर बेतलेली, 848 सीसीची फायबरची चिमुकली गाडी. रस्त्यावर लोक तिला हसले, पण रॅलीत आणि ट्रॅकवर तिनं नाव काढलं. कारण ती हलकी होती. वर दिलेल्या सूत्रात वजन सगळ्यात पहिलं आहे, ते काही उगाच नाही. स्टेपनी, जॅक, तो तिसऱ्या हप्त्यावरचा ॲम्प्लिफायर आणि डिकीतलं सामान ट्रॅकवर जाण्यापूर्वी उतरवा. हे अपग्रेड फुकट आहे, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

आता वेंगुर्ल्याचा खास मुद्दा: गंज.

आमच्याकडे एक मेस्त्री आहेत, सगळं आयुष्य जीप, फियाट आणि टेंपोच्या खाली गेलेले. कॉइलओव्हर हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही. मी मित्राची सगळी योजना त्यांना सांगितली. ते एवढंच म्हणाले, "रे झिला, स्प्रिंग मगे बघ. आधी ती खंय बसता ता बघ."

संपलं! माझ्या दोन हजार शब्दांचा लेख मेस्त्रींनी दोन वाक्यांत लिहिला.

खारं वारं, चार महिन्यांचा पाऊस आणि लाल चिखल. वेंगुर्ल्यात गेटची कडी दोन-तीन वर्षांत खाल्ली जाते, तर पंचवीस वर्षांच्या गाडीच्या सांगाड्याचं काय होत असेल? फायबरची बॉडी गंजत नाही, म्हणून वरून गाडी नवरीसारखी दिसते. पण शॉकअप, आर्म आणि बुश जिथे बोल्टनं बसतात ते लोखंडच आहे. तिथे काळ्या अंडरकोटिंगचे थर चढवलेले असतील तर खाली लोखंड आहे की लोखंडाची आठवण, हे वरून कळत नाही. हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा. 'टण्ण' आवाज आला तर ठीक. 'भद्द' आला तर सव्वा लाख आधी तिथे घाला. कारण कडक स्प्रिंग आणि पॉलियुरेथेनच्या बुश प्रत्येक खड्ड्याचा धक्का न पचवता थेट याच जागांवर पोचवतात. अशा खाल्लेल्या पत्र्यावर नवे ब्रॅकेट वेल्ड करणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर नवा पंखा टांगणं.

पॉलियुरेथेनबद्दलही दोन शब्द. रबराची बुश पिळली जाते, दबते, थोडी इकडेतिकडेही होते. जुन्या गाड्यांची भूमिती अनेकदा तेवढी लवचीकता गृहीत धरून आखलेली असते. जो आर्म एकाच अक्षावर फिरतो तिथे पॉली ठीक. जो दोन दिशांना हलतो तिथे ती अडते, आणि सस्पेन्शन हलायचंच विसरतं. 'सगळ्या बुश बदला' हा सल्ला त्यामुळे सल्लाच नव्हे.

आणि टप नसलेली गाडी! छप्पर कापलं की सांगाड्याची पिळाला टिकण्याची ताकद घटते. स्प्रिंग फार कडक केली तर दबायचं काम स्प्रिंग करत नाही, सांगाडा करतो. म्हणजे सांगाडाच तुमची स्प्रिंग झाला, आणि त्याला शॉकअप लावलेला नाही. आज दार घट्ट बसतंय, सहा महिन्यांनी बसणार नाही.

ज्यांना सव्वा लाख परवडत नाहीत ते याहून वाईट काम करतात: स्प्रिंगच कापतात. कापलेली स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते, टोक नीट बसत नाही, चाक लोंबलं की ती जागेवरून सुटू शकते. वर शॉकअप जुनेच. स्प्रिंग अडीच पट कडक झाली आणि शॉकअप तोच ठेवला, तर तिच्यावरचा त्याचा ताबा सदतीस टक्क्यांनी घटतो. गाडी कडक आणि उड्या मारणारी, दोन्ही एकदम.

तरी कुणी म्हणेल, "मला ट्रॅकसाठीच करायचंय, रस्त्याचं काय घेऊन बसलास?" ठीक. मग हिशोब करू. वेंगुर्ल्याहून कोइमतूर हजारेक किलोमीटर. करीचा ट्रॅक 2.1 किलोमीटरचा. दिवसभरात चाळीस फेऱ्या मारल्या तर 84 किलोमीटर. जाऊन येऊन दोन हजार किलोमीटर रस्ता, 84 किलोमीटर ट्रॅक! गाडी ट्रकवर घालून नेणार असाल तर बिनधास्त रेसिंग कार बनवा, मी टाळ्या वाजवायला येईन. पण तीच चालवत न्यायची असेल तर तुम्ही दोन हजार किलोमीटरची गाडी 84 किलोमीटरसाठी बिघडवता आहात.

कायद्याचंही बघा. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये मनमानी बदलांना लगाम घातला. पंधरा वर्षांवरची गाडी तशीही फेरनोंदणीसाठी आरटीओसमोर उभी करावी लागते, तेव्हा वेल्ड केलेले ब्रॅकेट घेऊन जाणार का? ज्यांच्याकडे पन्नास वर्षांवरची गाडी आहे त्यांनी 2021 चे व्हिंटेज नोंदणीचे नियम वाचा. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला की ती वाट बंद. आणि विम्याचे कागद एकदा शेवटपर्यंत वाचा. आपल्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या धरलेल्या नसतात.

मग करायचं काय? नुसती टीका करून पळून जाणाऱ्यांतला मी नाही. हा क्रम घ्या:

1. सांगाडा आणि सगळ्या बसण्याच्या जागा तपासा. गंज आधी, बाकी सगळं नंतर.

2. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतक्या जुन्या रबराला पकड नसते. सस्पेन्शनचा पहिला भाग टायर आहे, हे भिंतीवर लिहून ठेवा.

3. बुश, बॉल जॉइंट, टायरॉड एंड, व्हील बेअरिंग. खेळ असेल ते बदला, मूळ मापाचंच टाका.

4. चांगले, मूळ कडकपणाला जुळणारे नवे शॉकअप. 'डोलते' ही तक्रार बहुतेक वेळा मेलेल्या शॉकअपची असते.

5. अलाइनमेंट. टो आणि कॅम्बर मोजून कागदावर लिहून घ्या.

6. ब्रेक ऑइल आणि पॅड. हे सस्पेन्शन नाही, पण वळणाच्या आधी थांबता आलं पाहिजे ना!

7. आता ट्रॅकवर जा. गाडी पुढून सुटते की मागून, ते बघा. फेरीची वेळ आणि टायरमधली हवा लिहा. मग एका वेळी एकच बदल करा. आधी हवा, मग अलाइनमेंट, मग अँटिरोल बार, आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग.

हे आपल्याला नवीन आहे का? ऑफिसात कुणी प्रोफायलर न लावता, एकदम पंचवीस फाइल बदलून "सिस्टिम आता फास्ट झाली" म्हणाला तर आपण त्याचं रिव्ह्यूमध्ये काय करतो? मग शनिवारी गॅरेजमध्ये गेल्यावर आपली अक्कल सोमवारपर्यंत रजेवर का जाते?

मला कारण ठाऊक आहे. नवे शॉकअप आणि बुश दिसत नाहीत. त्यांचा फोटो काढता येत नाही. खाली बसलेली गाडी मात्र दिसते. आपण वेग विकत घेत नाही, वेगवान दिसणं विकत घेतो. तेही चालेल, हौस आहे. पण मग त्याला 'ट्रॅकची तयारी' म्हणू नका, आणि ज्या गाडीची जोडी शोधून मिळणार नाही तिच्या सांगाड्यावर वेल्डिंगची ठिणगी उडवू नका. स्प्रिंग परत बदलता येते. कापलेला सांगाडा परत जोडला तरी मूळचा होत नाही.

मित्रा, ॲडव्हान्स देऊ नकोस. पुढच्या आठवड्यात घरी जातोयस ना, तेव्हा हातोडी घेऊन गाडीखाली शीर. 'टण्ण' की 'भद्द', तेवढं मला फोनवर सांग.